‘जवळचे’ लेखी इंग्रजीत कसे मांडावे : गोव्यातील मराठी लिहिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

गोव्यात चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या अनेकांना बोलण्यापुरते इंग्रजी पुढे चांगले जमते. मात्र पंचायतीला अर्ज, वीज खात्याकडे तक्रार, बँकेत पत्ता किंवा घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या म्हणून त्यांची माहिती लिहायला बसले की एक अगदी साधी गोष्ट हमखास अडते, ती म्हणजे एखादी वस्तू दुसरीच्या जवळ आहे हे सांगणे. बोलताना हाताने दिशा दाखवता येते, समोरच्याला गाव ठाऊक असते आणि चुकीचा शब्दही खपून जातो. कागदावर हात नसतो, आणि वाचणारा अधिकारी किंवा पाहुणा कदाचित त्या वाड्यावर कधी आलेलाही नसतो. म्हणून हा विषय व्याकरणाच्या पुस्तकात अर्ध्या पानाचा असला तरी प्रत्यक्ष लिखाणात त्याला बरेच महत्त्व आहे, असे माझे ठाम मत आहे.

या लेखातील इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती आधी मोठ्याने वाचावीत आणि मग रोमन लिपीत स्वतः लिहून पाहावीत, म्हणजे शब्दांची जागा आणि स्पेलिंग दोन्ही हाताला बसतात.

पहिली पायरी : आपले मराठी वाक्य आधी तपासा

पुढील तीन वाक्ये पाहा. ‘जवळचे दुकान बंद आहे.’ ‘दुकान जवळच आहे.’ ‘दुकान चर्चजवळ आहे.’ तिन्ही ठिकाणी मराठीने ‘जवळ’ याच एका शब्दावर काम भागवले आहे. पहिल्या वाक्यात त्याला ‘चे’ लागून तो दुकानाचे विशेषण झाला, दुसऱ्यात तो क्रियापदाशेजारी मोकळा उभा आहे आणि तिसऱ्यात चर्च या नामाला चिकटून शब्दयोगी अव्यय बनला आहे. इंग्रजीत या तीन जागांवर एकच शब्द चालेल अशी खात्री नसते, आणि बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे, कारण लिहिणारा तिन्ही ठिकाणी ‘निअर’ घालतो.

योग्य रूपे अशी होतील. ‘द निअरबाय शॉप इज क्लोज्ड.’ ‘द शॉप इज निअरबाय.’ ‘द शॉप इज निअर द चर्च.’ निअरबाय हा शब्द नामाच्या आधी विशेषण म्हणून येतो आणि क्रियापदानंतर मोकळाही उभा राहतो, पण त्याच्यापुढे लगेच जागेचे नाव येत नाही. निअर मात्र जागेचे नाव पुढे घेऊनच सुखाने नांदतो. म्हणून ‘निअरबाय द चर्च’ किंवा ‘निअरबाय टू द चर्च’ असे लिहू नये. जागेचे नाव द्यायचे असेल तर निअर, नाव द्यायचे नसेल तर निअरबाय, एवढे धरून ठेवले तरी निम्म्याहून अधिक वाक्ये सुधारतात. निअरबाय हा रोमन लिपीत एकसंध शब्द लिहावा. मध्ये जागा सोडण्याची किंवा आडवी रेघ देण्याची गरज नाही.

लिहायला बसल्यावर आपले वाक्य आधी मराठीत मनात म्हणावे आणि ‘जवळ’ कोणत्या रूपात आला ते पाहावे. ‘जवळचा, जवळची, जवळचे’ असेल तर इंग्रजीत विशेषण हवे आहे, नामाला ‘जवळ’ चिकटला असेल तर अव्यय हवे आहे. मराठीचा प्रत्यय इथे आपल्याला अचूक वाट दाखवतो आणि त्याचा उपयोग करून घेण्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरी पायरी : नामाआधी ‘निअर’ आणि ‘क्लोज’ सहसा घालू नका

‘देअर इज अ निअर बेकरी’ हे वाक्य व्याकरणाच्या साच्यात बसल्यासारखे दिसते, पण इंग्रजी वाचकाला ते खटकते. प्रत्यक्ष जागेविषयी बोलताना निअर हे मूळ रूप नामाच्या आधी जवळजवळ येतच नाही. तिथे ‘अ निअरबाय बेकरी’ असे म्हणावे लागते. तर-तम भावातली, म्हणजे तुलना दाखवणारी ‘निअरर’ आणि ‘निअरेस्ट’ ही रूपे मात्र बिनदिक्कत चालतात. ‘द निअरेस्ट बेकरी’ पूर्णपणे बरोबर आहे. तमभावाच्या या रूपाआधी ‘द’ विसरू नये, आणि ‘मोअर निअर’ किंवा ‘मोस्ट निअर’ अशी रूपे करू नयेत.

याला एक अपवाद आहे आणि तो गोव्याच्या माणसाला चटकन पटेल असा आहे. दोन बाजूंपैकी अलीकडची कोणती हे सांगताना निअर नामाआधी येतो. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत चोडणकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसासाठी रायबंदरचा काठ हा ‘द निअर बँक’ आणि चोडणचा काठ हा ‘द फार बँक’. अलीकडचा तीर, पलीकडचा तीर. जिथे मराठीत ‘अलीकडचा’ म्हणता येते तिथे इंग्रजीत निअर नामाआधी ठेवायला हरकत नसते. जिथे ‘जवळपासचा’ असा अर्थ असतो तिथे निअरबायच हवा.

क्लोजचा धोका वेगळा आहे. ‘अ क्लोज शॉप’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला ‘क्लोज्ड’ लिहायचे राहून गेले असेच वाटते, कारण दुकान म्हटले की उघडे की बंद हाच विचार आधी येतो. बाजारात दारावर टांगलेल्या पाटीवर ‘बंद’ या अर्थाने ‘क्लोज्ड’ असेच असायला हवे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. शेवटची ‘डी’ गळालेल्या पाट्या आपण सगळेच पाहतो. जागेची जवळीक सांगताना क्लोज क्रियापदानंतर ठेवावा आणि त्याला ‘टू’ जोडावा : ‘द शॉप इज क्लोज टू द मार्केट.’ उच्चारातही भेद आहे. जवळ या अर्थाचा क्लोज शेवटी ‘स’ने संपतो, बंद करणे या अर्थाच्या क्रियापदाच्या शेवटी ‘झ’ येतो.

तिसरी पायरी : ‘टू’, ‘फ्रॉम’ की काहीच नाही

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. मराठीत आपण ‘बाजारापासून जवळ’ आणि ‘बाजारापासून लांब’ असे दोन्ही ठिकाणी ‘पासून’ वापरतो. त्या ‘पासून’च्या बोटाला धरून ‘फ्रॉम’ इंग्रजी वाक्यात शिरतो आणि ‘माय हाउस इज क्लोज फ्रॉम द मार्केट’, ‘निअरेस्ट फ्रॉम पणजी’ अशी वाक्ये तयार होतात. इंग्रजीत लांबीला आणि मोजमापाला फ्रॉम लागतो, जवळ असण्याला लागत नाही. ‘फार फ्रॉम द मार्केट’ बरोबर, ‘टू किलोमीटर्स फ्रॉम द मार्केट’ बरोबर. परंतु ‘क्लोज टू द मार्केट’ आणि ‘निअर द मार्केट’.

निअरनंतर ‘टू’ घालण्याची सवयही पुष्कळांना असते. काही इंग्रज लेखकांत ती रचना सापडते, पण जागेविषयी लिहिताना ‘निअर द मार्केट’ एवढेच नेटके दिसते आणि शिकणाऱ्याने तेच धरावे. तर-तम भावात मात्र ‘टू’ सहज येतो : ‘अवर हाउस इज निअरर टू द रिव्हर दॅन टू द रोड.’ ‘अपोझिट’ या शब्दाचेही असेच आहे. आपल्याकडे ‘अपोझिट टू द चर्च’ असे सर्रास लिहितात, पण चर्चसमोर एवढेच सांगायचे असेल तर ‘अपोझिट द चर्च’ पुरे.

अंतराचा आकडा दिला की ‘निअर’ आणि ‘फार’ दोघांनाही रजा द्यावी. ‘फाइव्ह किलोमीटर्स फार फ्रॉम पणजी’ हे चूक. ‘फाइव्ह किलोमीटर्स फ्रॉम पणजी’ हे बरोबर. तसेच ‘चर्चच्या बाजूला’ याचे ‘साइड ऑफ चर्च’ करू नये. त्यासाठी ‘बिसाइड द चर्च’ किंवा ‘नेक्स्ट टू द चर्च’ आहे. बिसाइडला शेवटी ‘एस’ लागला की अर्थ ‘शिवाय, आणखी’ असा होतो, आणि एका अक्षराने घर चर्चच्या बाजूला असण्याऐवजी चर्चखेरीज आणखी एक होऊन बसते.

चौथी पायरी : किती जवळ, हे ठरवा

मराठी या बाबतीत गरीब नाही. जवळ, शेजारी, लगत, बाजूला, समोर, परिसरात असे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांतला फरक आपल्याला उपजत कळतो. इंग्रजी लिहिताना मात्र सगळे ‘निअर’मध्ये कोंबले जाते. म्हणून इंग्रजी शब्द शोधण्यापूर्वी मराठीतला नेमका शब्द निवडावा, असा माझा आग्रह आहे.

जुने गोवे येथील वास्तू डोळ्यांसमोर आणल्या तर हा भेद स्पष्ट दिसतो. तेथील चर्च आणि मठ १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि त्यांची माहिती इंग्रजीत लिहिण्याची वेळ गोव्यातल्या विद्यार्थ्यांवर, मार्गदर्शकांवर आणि पर्यटन व्यवसायातल्या माणसांवर वारंवार येते. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चचा मठ चर्चला लागूनच आहे आणि त्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. लागून असलेल्या या वास्तूसाठी ‘अ‍ॅडजॉइनिंग’ हा शब्द आहे, कारण त्यात सामाईक भिंत किंवा हद्द असल्याचा अर्थ येतो : ‘द म्युझियम इज इन द अ‍ॅडजॉइनिंग कॉन्व्हेंट.’ याच शब्दाचे क्रियापदही होते आणि त्याला ‘टू’ लागत नाही : ‘द कॉन्व्हेंट अ‍ॅडजॉइन्स द चर्च.’

हे चर्च आणि से कॅथेड्रल एकाच आवारात शेजारी-शेजारी आहेत. इथे ‘अ‍ॅडजेसंट टू’ चालते. अ‍ॅडजेसंटमध्ये दोन वस्तू एकमेकींना टेकल्या असल्याच पाहिजेत असे नाही. त्यांच्या मध्ये त्याच जातीची तिसरी वस्तू नसली की झाले. रस्त्यापलीकडच्या बॉम जीझस बॅसिलिकेसाठी ‘अपोझिट’ किंवा ‘अक्रॉस द रोड फ्रॉम’ लिहावे, म्हणजे पाहुण्याला रस्ता ओलांडायचा आहे हे कळते. पाहा, तिन्ही वास्तू ‘निअर’ आहेत असे लिहिले असते तर ते खोटे ठरले नसते, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागलेही नसते. अ‍ॅडजेसंट आणि अ‍ॅडजॉइनिंग यांना ‘व्हेरी’ किंवा ‘मोअर’ लावू नये. वस्तू एकतर लगत असते किंवा नसते.

मंगेशीहून म्हार्दोळचे म्हाळसा देवस्थान सुमारे एक किलोमीटरवर आहे. त्यासाठी ‘अ‍ॅडजेसंट टेंपल’ लिहिणे ही अतिशयोक्ती होईल. ‘द निअरबाय म्हाळसा टेंपल अ‍ॅट म्हार्दोळ’ हे योग्य. आणि गावे, तालुके, जिल्हे, राज्ये यांच्यासाठी ‘नेबरिंग’ हा शब्द सर्वांत शोभतो. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही गोव्याची ‘नेबरिंग स्टेट्स’, मांडवीच्या दोन काठांवरचे तिसवाडी आणि बार्देश हे ‘नेबरिंग तालुकाज’. नेबरिंग फक्त नामाच्या आधी येतो. ‘सिंधुदुर्ग इज नेबरिंग टू पेडणे’ असे न लिहिता ‘सिंधुदुर्ग इज अ नेबरिंग डिस्ट्रिक्ट’ असे लिहावे. स्पेलिंगमध्ये ‘ओ’नंतर ‘यू’ ठेवावा; अमेरिकन पद्धतीत तो गळतो, पण आपल्या शाळांत आणि कार्यालयांत ब्रिटिश स्पेलिंग चालते आणि एका कागदावर दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

शेजारच्या घरासाठी ‘नेक्स्ट-डोअर’ वापरता येतो. नामाआधी आला तर मध्ये आडवी रेघ, ‘माय नेक्स्ट-डोअर नेबर’. क्रियापदानंतर आला तर रेघ नाही, ‘ही लिव्ह्ज नेक्स्ट डोअर.’

पाचवी पायरी : ‘निअरेस्ट’ आणि ‘नेक्स्ट’ यांची गल्लत टाळा

निअरेस्ट अंतर मोजतो, नेक्स्ट क्रम मोजतो. कोकण रेल्वेने मुंबईकडून येणाऱ्या पाहुण्याला लिहायचे असेल तर थिवीनंतर गाडी करमळीला थांबत असल्यास ‘द नेक्स्ट स्टॉप आफ्टर थिवी इज करमळी’, आणि पणजीला सर्वांत जवळचे स्थानक करमळी म्हणून ‘द निअरेस्ट स्टेशन टू पणजी इज करमळी.’ स्थानक एकच, पण सांगितलेल्या गोष्टी दोन. ‘गेट डाउन अ‍ॅट द नेक्स्ट स्टेशन’ असे मोघम लिहिले आणि पाहुणा मडगावला गाडीतच असला तर तो करमळीपासून आणखी लांब जाईल.

काळ आणि नाती यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. ‘नजीकच्या काळात’ याला ‘इन द निअर फ्यूचर’. इथे निअरबाय कधीही नाही. रजेच्या अर्जात ‘जवळच्या नातेवाइकाचे निधन’ लिहायचे असेल तर ‘अ क्लोज रिलेटिव्ह’ किंवा ‘अ निअर रिलेटिव्ह’ दोन्ही चालतात, मित्रासाठी मात्र ‘क्लोज फ्रेंड’ हेच. ‘निअरबाय रिलेटिव्ह’ म्हणजे जवळपास राहणारा नातेवाईक, मग नाते कितीही लांबचे असो. ‘निअर मिस’ म्हणजे थोडक्यात टळलेली टक्कर. आणि ‘जवळजवळ दोनशे माणसे’ यातल्या ‘जवळजवळ’ला जागेशी काही देणेघेणे नसल्यामुळे ‘निअरबाय टू हंड्रेड’ किंवा ‘निअर अबाउट टू हंड्रेड’ न लिहिता दोनशेला थोडी कमी असतील तर ‘निअर्ली’, थोडी इकडेतिकडे असतील तर ‘अबाउट’ वापरावे.

सहावी पायरी : एक अर्ज दुरुस्त करून पाहा

पावसाळ्यापूर्वी गोव्यातल्या पंचायतींत धोकादायक झाडांबद्दलचे अर्ज येतात. समजा एखाद्याने पुढीलप्रमाणे लिहिले आहे : ‘देअर इज अ निअर हाउस टू माय हाउस. इट्स कोकोनट ट्री इज निअरबाय टू माय रूफ अँड क्लोज फ्रॉम द इलेक्ट्रिक लाइन.’ अर्जदाराची भीती खरी आहे, पण माड कोणाच्या जागेत आहे, घरापासून किती अंतरावर आहे आणि तारेला लागण्याची शक्यता किती, यांपैकी एकही गोष्ट अधिकाऱ्याला नीट कळत नाही.

पहिल्या वाक्यात खरे सांगायचे आहे ते शेजारच्या जागेविषयी, आणि दोन्ही जागांची हद्द एक आहे. म्हणून ‘अ‍ॅडजॉइनिंग प्रॉपर्टी’. छपराजवळ असण्यापेक्षा माड छपरावर झुकला आहे ही बाब अधिक गंभीर आहे, तेव्हा तिथे जवळीक दाखवणारा शब्द काढून क्रियापदच बदलावे. घरापासूनचे अंतर डोळ्यांनी मोजता येते, ते मीटरमध्ये द्यावे. उरली तार, तिथे अंतराचा आकडा देणे अवघड असल्यामुळे ‘क्लोज टू’ ठेवावे आणि धोका दाखवणारे क्रियाविशेषण आधी जोडावे. अर्ज असा होतो : ‘अ कोकोनट ट्री इन द अ‍ॅडजॉइनिंग प्रॉपर्टी इज लीनिंग ओव्हर माय रूफ. इट स्टँड्स अबाउट टू मीटर्स फ्रॉम द हाउस अँड इज डेंजरसली क्लोज टू द इलेक्ट्रिक लाइन.’ हा अर्ज वाचून पाहणीला येणाऱ्याला काय पाहायचे आहे ते घरातून निघण्यापूर्वीच ठाऊक असेल.

खोल्यांच्या जाहिरातीलाही हेच लागू आहे. ‘बीच इज व्हेरी निअर’ असे प्रत्येकजण लिहितो आणि त्यामुळे त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ‘द बीच इज अ टेन-मिनिट वॉक फ्रॉम द हाउस’ हे वाक्य सामान घेऊन येणाऱ्या कुटुंबाच्या खरोखर उपयोगी पडते. या रचनेत ‘मिनिट’ एकवचनी राहतो, कारण तो इथे विशेषणाचा भाग झाला आहे.

पत्त्याच्या ओळीत थोडी मोकळीक असते. तिथे ‘निअर चर्च’, ‘बिहाइंड म्युनिसिपल मार्केट’ असे ‘द’ गाळून लिहिले तरी चालते; पूर्ण वाक्यात मात्र ‘द’ परत यायला हवा. पत्त्यात ज्या खुणेचा आधार घ्यायचा ती गावात एकच असावी, कारण दोन चर्च असलेल्या गावात ‘निअर चर्च’ लिहून टपालवाल्याचे काम होत नाही.

जमिनीच्या कागदांत अधिक सावध राहावे. विक्रीखतात जागेच्या चारही बाजूंच्या हद्दी लिहिल्या जातात, आणि त्या ठिकाणी ‘निअर’ हा शब्द निरुपयोगी आहे. हद्दीला हद्द लागून असेल तर अ‍ॅडजॉइनिंग. मध्ये वाट, व्हाळ (ओढा) किंवा गटार असेल तर ते स्पष्ट लिहून त्यापलीकडे काय आहे ते द्यावे. वकील मसुदा तयार करून देतात, तरी मालकाने तो एक-चौदाच्या उताऱ्यावरील (गोव्यातील जमिनीच्या नोंदीच्या सरकारी कागदावरील) सर्व्हे क्रमांक आणि प्रत्यक्ष जागा यांच्याशी ताडून स्वतः वाचावा, आणि पूर्वेची हद्द पश्चिमेला गेलेली नाही ना हेही त्याच वेळी पाहावे.

शंका आली की शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी शब्दकोश उघडावा. त्यात विशेषणासमोर ते फक्त नामाआधी येते की क्रियापदानंतरही येते याची खूण दिलेली असते आणि कोणते अव्यय जोडायचे तेही ठळक अक्षरांत असते. अर्थ ठाऊक असलेल्या शब्दासाठी आपण शब्दकोश उघडत नाही. निअर, क्लोज आणि नेक्स्ट यांची पाने मात्र मुद्दाम उघडून त्यांखालची उदाहरणवाक्ये वहीत उतरवून घ्यावीत.